दोन रुळांवरची दवंडी

दौंड-मनमाड मार्गाने ज्यांनी कधी प्रवास केला आहे, त्यांना क्रॉसिंग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १८७८ साली सुरू झालेला हा मार्ग शंभराहून अधिक वर्षं एकेरीच राहिला. विळद, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कुठलंही स्टेशन घ्या. तुमची गाडी लूप लाइनीत येऊन उभी राहते. पंखे फिरत असतात, शेंगदाणेवाला दोन फेऱ्या मारून जातो, आणि मग शेजारच्या रुळांवरून समोरची गाडी धडधडत निघून जाते. थोड्या वेळाने सिग्नल पडतो आणि तुमची गाडी हलते.

आता हेच दृश्य घरातल्या टेबलावर उभं करायचं आहे, असं समजा. नगरचं स्टेशन, पत्र्याचे फलाट, सिग्नल, मालगाडी, पॅसेंजर, सगळं सत्त्याऐंशी पट लहान करून. जगभरचे हौशी लोक या प्रमाणाला 'एचओ' म्हणतात. या मापात आपलं ओळखीचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन जेमतेम वीस सेंटिमीटरचं होतं, हाताच्या पंज्यावर मावेल एवढं. ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरचे होतात सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारात मिळणारे रूळ मात्र साडेसोळाचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजवरून बेतलेले आहेत. आपल्याकडचे बहुतेक हौशी हा फरक पोटात घालतात, आणि मला ते योग्यच वाटतं. खरी अडचण रुंदीची नाहीच. खरी अडचण आहे क्रॉसिंगची!

का? खेळातली आगगाडी चालते कशी ते पाहा. दोन रूळ म्हणजे दोन तारा. त्यांत बारा व्होल्टचा डीसी सोडला की तो धातूच्या चाकांतून इंजिनातल्या मोटरीत जातो आणि इंजिन धावू लागतं. व्होल्ट वाढवा, वेग वाढतो. प्लस-मायनसची अदलाबदल करा, इंजिन उलट्या दिशेने जातं. युक्ती फार साधी आणि सुंदर आहे. पण वीज दिलेली असते रुळांना, इंजिनाला नव्हे. त्या रुळांवर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदम सुटणार, आणि तीही एकाच दिशेला. एकाला 'थांब' आणि दुसऱ्याला 'ये' असं सांगायची सोयच नाही.

जुन्या मंडळींनी यावर काढलेला उपाय होता रूळ कापण्याचा. लूप लाइन वेगळी तोडायची, मेन लाइनीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र बटण. टेबलाच्या वर स्टेशन आणि खाली तारांचं जंगल. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कल्पना येईल, की एकाच मांडणीत अनेक गाड्या एकमेकींना सांभाळून पळवणं हे किती नाजूक काम आहे.

पण रूळ न कापता, त्याच दोन रुळांवर उभ्या असलेल्या दहा इंजिनांना दहा वेगवेगळे हुकूम देता आले तर?

देता येतात. त्यासाठी इंजिनाच्या पोटात अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची एक पातळ पट्टी बसवावी लागते. तिचं नाव डिकोडर. या सगळ्या पद्धतीला म्हणतात डिजिटल कमांड कंट्रोल, थोडक्यात डीसीसी. तिची कल्पना आपल्या गावांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. दवंडी! दवंडीवाला चौकात उभा राहून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडतो. ऐकतात सगळे, पण ज्याचं नाव पुकारलं तोच उठून चावडीवर जातो. डीसीसीमध्ये रूळ हा चौक आहे आणि कमांड स्टेशन नावाची पेटी हा दवंडीवाला. प्रत्येक इंजिनाला एक क्रमांक दिलेला असतो. पेटी पुकारते, 'क्रमांक तीन, पुढे चल'. रुळांवरची सगळी इंजिनं ते ऐकतात. तीन नंबरचं तेवढं हलतं.

इथवर गोष्ट सोपी आहे. पण विचार करा, ही दवंडी पिटायची कशावर? रुळांतून तर मोटरीसाठी वीज वाहते आहे. तिसरी तार नाही, रेडिओ नाही. मग हुकूम जातो कुठून?

त्याच विजेतून! कमांड स्टेशन रुळांतलं प्लस-मायनस सतत उलटपालट करत असतं, सेकंदाला हजारो वेळा. व्होल्ट कमी-जास्त होत नाहीत, फक्त बाजू बदलते. आणि ही बाजू किती वेळाने बदलते, त्या वेळातच भाषा दडलेली आहे. एक बाजू ५८ मायक्रोसेकंद टिकली आणि मग दुसरीही ५८ मायक्रोसेकंद टिकली, तर त्याचा अर्थ 'एक'. दोन्ही बाजू शंभर-शंभर मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त टिकल्या, तर अर्थ 'शून्य'. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढीच वर्णमाला, दोन अक्षरांची.

डिकोडरमध्ये शिरल्याबरोबर ही वीज दोन वाटांनी जाते. एका वाटेवर चार डायोड उलटपालट झालेल्या विजेला एकाच दिशेला वळवतात आणि मोटरीसाठी सरळ डीसी तयार होतो. दुसऱ्या वाटेवर एक छोटी चिप प्रत्येक उलटापालटीचा वेळ मोजत बसते. भाकरी आणि बातमी एकाच तारेतून येतात, आणि एकीमुळे दुसरीचं काही बिघडत नाही!

यात आणखी एक खुबी आहे. अर्थ वेळात आहे, दिशेत नाही. त्यामुळे इंजिन रुळांवर मनमाडकडे तोंड करून ठेवा नाही तर दौंडकडे, डावं चाक उजव्या रुळावर गेलं तरी हुकूम तसाच वाचला जातो. जुन्या पद्धतीत 'पुढे' म्हणजे रुळाच्या एका ठरावीक टोकाकडे. इथे 'पुढे' म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या नाकासमोर, अगदी खऱ्या ड्रायव्हरला वाटतं तसं.

एक हुकूम जवळून पाहू या. सुरुवातीला किमान चौदा 'एक' येतात. हा दवंडीआधीचा ढोल, 'ऐका हो ऐका'. मग एक 'शून्य', म्हणजे आता बोलणं सुरू. त्यानंतर ००००००११, हा इंजिनाचा क्रमांक, तीन. पुन्हा एक 'शून्य', आणि मग हुकूम: ०१११०१००. यातल्या पहिल्या दोन अंकांचा अर्थ 'ही वेग आणि दिशेची गोष्ट आहे'. तिसऱ्याचा अर्थ 'पुढे'. उरलेल्या पाच अंकांत वेग आहे, अठ्ठावीस पायऱ्यांपैकी सहावी. शेवटी आणखी आठ अंक येतात: ०१११०१११. हे कशाला?

क्रमांकाचे आठ आणि हुकुमाचे आठ अंक एकाखाली एक मांडून पाहा. जिथे दोन्ही अंक सारखे तिथे शून्य, जिथे वेगळे तिथे एक. तुम्हाला नेमके हेच शेवटचे आठ अंक मिळतील. डिकोडरही हाच हिशेब करतो. वाटेत एखादा अंक बिघडला असेल तर ताळा जमत नाही, आणि डिकोडर तो हुकूम सरळ टाकून देतो. चुकीचं ऐकून धावण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, एवढी समज त्या पट्टीत भरलेली आहे.

टाकून दिलेल्या हुकुमाचं मग होतं काय? काहीच बिघडत नाही, कारण पेटी तोच हुकूम पुन्हा सांगते, आणि पुन्हा, आणि पुन्हा. असा एक हुकूम रुळांतून जायला साधारण सहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला दीडशेच्या वर दवंड्या. तुमची पापणी लवेपर्यंत पंधरा-वीस तरी होऊन जातात. नगरच्या उन्हाळ्यातली धूळ रुळांवर बसून चार हुकूम गिळंकृत झाले, तरी पाचवा पोहोचतो आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आता प्रोग्रॅमिंगकडे वळू या, कारण मला सगळ्यात जास्त थक्क करतं ते तिथेच.

डिकोडरच्या स्मृतीत १०२४ क्रमांकित जागांची सोय असते. त्यांना म्हणतात कॉन्फिगरेशन व्हेरिएबल, हौशी मंडळींच्या तोंडी नुसतं 'सीव्ही'. प्रत्येक जागेत शून्य ते २५५ मधला एकच आकडा मावतो. वीज गेली तरी आकडे पुसले जात नाहीत. आणि इंजिनाचा अख्खा स्वभाव या आकड्यांत असतो! ते दचकून सुटतं की हळूच, कुठल्या वेगाच्या वर जात नाही, दिवा कुठल्या बटणाने लागतो, सगळं.

सीव्ही १ मध्ये इंजिनाचा क्रमांक. कारखान्यातून येताना तिथे बहुधा तीन लिहिलेलं असतं. म्हणून दोन नवी कोरी इंजिनं रुळांवर ठेवून 'तीन, चल' म्हटलं की दोन्ही निघतात. नव्या इंजिनाचं बारसं हे पहिलं काम.

सीव्ही ३ मध्ये वेग वाढण्याची सुस्ती, सीव्ही ४ मध्ये थांबण्याची. खरी मालगाडी हजारो टनांची असते. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवली तरी ती लगेच धावत नाही, कपलिंगं ताणली जातात, डबे एकेक करून हलतात. टेबलावरचं इंजिन काहीशे ग्रॅमचं. त्याला वजनाचं सोंग आणावं लागतं, आणि ते सोंग एका आकड्यात मावतं. डीसीसीच्या मानकातल्या सूत्राप्रमाणे सीव्ही ३ मधल्या आकड्याला ०.८९६ ने गुणलं की थांबलेलं इंजिन पूर्ण वेगाला पोहोचायला लागणारे सेकंद मिळतात. तिथे २० लिहा, सुमारे अठरा सेकंद. ८० लिहा, सव्वा मिनिटाच्या जवळपास. पॅसेंजरच्या इंजिनाला २०, साखरेच्या पोत्यांनी भरलेल्या मालगाडीच्या इंजिनाला ८०. लोखंड तेच, मोटर तीच, पण चालताना दोघांचं वजन वेगळं भासतं.

सीव्ही ५ मध्ये कमाल वेग. डब्ल्यूडीएम-२ ची मर्यादा ताशी १२० किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागलं की सेकंदाला अडतीस सेंटिमीटर होतात. मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन बसा, इंजिन त्याहून जोरात पळत असेल तर सीव्ही ५ उतरवा. टेबलावरची पुष्कळ इंजिनं खऱ्याहून जास्त वेगाने पळवली जातात, आणि मग ती खेळणी दिसतात. माझ्या मते सगळ्या प्रोग्रॅमिंगमध्ये सर्वांत मोठा फरक या एका आकड्याने पडतो.

सीव्ही २९ म्हणजे तर एका आकड्यात आठ बटणांची जागा. पहिल्या बटणाची किंमत १, दुसऱ्याची २, मग ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८. जी बटणं चालू हवीत त्यांच्या किमतींची बेरीज करायची आणि ती लिहायची. दोनाचं बटण वेगाच्या जास्त पायऱ्यांसाठी, चाराचं साध्या डीसीवरही चालण्यासाठी, बत्तीसाचं मोठ्या क्रमांकासाठी. तीनही हवीत? २ + ४ + ३२ = ३८. यातलं एकाचं बटण आपल्याकडच्यांना खास कामाचं. डब्ल्यूडीएम-२ ला एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला लांब. शॉर्ट हूड की लाँग हूड, यातली 'पुढची' बाजू कोणती ते हे बटण ठरवतं. एक मिळवला की इंजिनाचं पुढचं-मागचं पालटतं.

आणि मोठा क्रमांक म्हणजे काय? सीव्ही १ मध्ये १२७ च्या वर जाता येत नाही. पण इंजिनाच्या अंगावर रंगवलेला क्रमांकच त्याला द्यावा, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी सीव्ही १७ आणि १८ अशा दोन जागा मिळून वापरतात. गंमत अशी की हे क्रमांक १०२३९ पर्यंतच जातात. इतका विचित्र आकडा कसा काय? सीव्ही १७ मध्ये १९२ ते २३१ एवढेच आकडे चालतात, म्हणजे चाळीस. सीव्ही १८ मध्ये शून्य ते २५५, म्हणजे दोनशे छप्पन्न. चाळीस गुणिले दोनशे छप्पन्न, १०२४०. शून्यापासून मोजलं की शेवटचा १०२३९. आपल्या इंजिनांचे क्रमांक पाच आकडी, १६ हजार, १७ हजारांतले. ते मावत नाहीत, म्हणून शेवटचे चार आकडे घ्यायचे. समजा इंजिन १७८०५, तर क्रमांक ७८०५. याला २५६ ने भागलं की भागाकार ३०, बाकी १२५. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक ३०, म्हणजे २२२. सीव्ही १८ मध्ये १२५. पाचवीतला भागाकार, आणि त्यावर चालणारं इंजिन!

हे लिहिणं झालं. पण आधी कुणी काय लिहून ठेवलंय ते वाचायचं कसं? इथे जरा थांबा, कारण हा प्रश्न दिसतो त्याहून फार अवघड आहे. दवंडी एकतर्फी असते. पेटी बोलते, इंजिनं ऐकतात. इंजिनाला तोंडच नाही. मग ते उत्तर कसं देणार?

ही पद्धत रचणाऱ्यांनी जे केलं त्याला माझा दंडवत आहे. इंजिनाला बोलता येत नसलं तरी वीज खाता येते. पेटीला आपण किती वीज देतो आहोत ते मोजता येतं. मग ठरलं असं: पेटीने असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' यांतच आहे. उत्तर 'हो' असेल तर इंजिनाने क्षणभर जास्त वीज ओढायची, किमान साठ मिलिअँपिअर, सुमारे सहा मिलिसेकंद. 'नाही' असेल तर गप्प बसायचं. आणि जास्त वीज ओढायला इंजिनाजवळ आहे काय? मोटर! म्हणून डिकोडर मोटरीला एक निसटता झटका देतो.

हे डोळ्यांनी दिसतं. मुख्य मांडणीपासून तोडलेल्या एका छोट्या रुळावर, प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, इंजिन एकटं ठेवायचं. समजा सीव्ही ३ मध्ये २० आहे, म्हणजे ०००१०१००. पेटी विचारते, '१२८ चं बटण चालू आहे?' शांतता. '६४ चं?' शांतता. '३२ चं?' शांतता. '१६ चं?' इंजिन किंचित थरथरतं. '८ चं?' शांत. '४ चं?' पुन्हा थरथर. '२ चं?' '१ चं?' शांत. मग पेटी खात्री करून घेते: 'म्हणजे वीस ना?' आणि इंजिन आणखी एकदा अंग हलवून होकार देतं. पडद्यावर आकडा उमटतो, वीस. एका पुढे सरकणाऱ्या वस्तूने जागच्या जागी हलून तुमच्याशी केलेला हा संवाद आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला इंजिन बिघडलं असं वाटतं, आणि ते तर चोख उत्तरं देत असतं!

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर इंजिन एकटंच का ठेवायचं? तिथे दवंडीत नाव पुकारत नाहीत. रुळावर जो असेल त्याला हुकूम लागू. दोन इंजिनं ठेवली तर दोघांची बारशी एकाच नावाने होतील. तिथली वीजही मुद्दाम मर्यादित ठेवलेली असते, म्हणजे डिकोडरच्या तारा जोडताना चूक झाली असली तरी तो जळण्याआधी कळतं. नव्या डिकोडरने पहिला श्वास नेहमी याच रुळावर घ्यावा. पुढे जर्मनीच्या लेन्झ कंपनीने 'रेलकॉम' आणलं. त्यात पेटी दर हुकुमानंतर अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ गप्प बसते, आणि त्या फटीत इंजिन आपली चार अक्षरं बोलून घेतं. पण थरथरणाऱ्या इंजिनाची सर त्याला नाही.

मोटरीचा आणखी एक चमत्कार सांगतो. चढावर खरा ड्रायव्हर नॉच वाढवतो, उतारावर कमी करतो. टेबलावरच्या इंजिनाला चढ आला हे कसं कळतं? डिकोडर मोटरीला वीज सलग देत नाही, तुकड्या-तुकड्यांनी देतो, आणि मधूनमधून ती पूर्ण तोडतो. त्या पळभरात मोटर फिरतच असते, आणि फिरणारी मोटर म्हणजे जनरेटर. ती स्वतः वीज निर्माण करते. डिकोडर त्या विजेचे व्होल्ट मोजतो. कमी भरले, म्हणजे मोटर मंदावली, म्हणजे चढ असणार. लगेच पुढचा तुकडा मोठा. जास्त भरले की पुढचा तुकडा लहान. वेगळा सेन्सर नाही, चाकाला काही जोडलेलं नाही. जिला चालवायचं तिलाच विचारायचं, 'किती वेगात आहेस?' यामुळे फलाटात शिरणारं इंजिन मुंगीच्या पावलाने सरकू शकतं.

आणि आवाज! नगर, श्रीरामपूर, कोपरगावच्या स्टेशनाजवळ ज्यांचं बालपण गेलं त्यांच्या कानात डब्ल्यूडीएम-२ ची ती अडखळत धपधपणारी धून बसलेली आहे. आता या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत आणि ती धून विरळ झाली आहे. पण ती मूळची कुठली? न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे आल्को. तिच्या २५१ मालिकेतलं सोळा सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. पहिली यंत्रं १९६२ मध्ये अमेरिकेतून आली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. आल्को १९६९ मध्ये बंद पडली, वाराणसीत मात्र तिचा वंश पुढे कैक वर्षं चालला. याचा टेबलावरच्या हौशींना अनपेक्षित लाभ झाला. अमेरिकन हौशींसाठी २५१ इंजिनांचे आवाज भरलेले डिकोडर बनतात, आणि ते डब्ल्यूडीएम-२ च्या मॉडेलमध्ये बसवले की अंगावर काटा येतो. भोंगा तेवढा आपला हवा. थ्रॉटल दिला की आधी आवाज चढतो, मग गाडी हलते, अगदी खऱ्यासारखी. कुठल्या बटणावर भोंगा, कुठल्यावर पुढचा दिवा, कुठल्यावर धोक्याचा पिवळा फ्लॅशर, हेही सीव्हीमध्येच लिहायचं.

ही सगळी भाषा ठरवली कोणी? इंजिनांना क्रमांकाने हाक मारायचे प्रयत्न आधीही झाले होते. ब्रिटनच्या हॉर्नबीने १९७९ मध्ये सोळा इंजिनं चालवणारी पद्धत आणली, जर्मनीच्या मार्क्लिनने १९८५ मध्ये आपली. पण प्रत्येकाची भाषा वेगळी, एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर मुकं. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने (एनएमआरए), म्हणजे हौशी लोकांच्या १९३५ पासूनच्या संघटनेने, उपलब्ध पद्धती तपासल्या, जर्मन अभियंता बर्न्ड लेन्झ यांची पद्धत पायाला घेतली आणि १९९४ च्या सुमारास ती सर्वांसाठी खुलं मानक म्हणून जाहीर केली. ५८ मायक्रोसेकंद, चौदा 'एक', साठ मिलिअँपिअर, सगळं छापून जगापुढे ठेवलं. कुठल्याही कंपनीचा डिकोडर कुठल्याही कंपनीच्या पेटीचं ऐकू लागला. छंद म्हणून गाड्या पळवणाऱ्या माणसांनी हे केलं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि या छंदाने कायद्याच्या इतिहासातही एक पान लिहिलं आहे. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जेकबसन आणि त्यांच्या सोबत्यांनी जेएमआरआय नावाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं. त्यात कुठल्या डिकोडरच्या कुठल्या सीव्हीत काय असतं, याच्या फायली हौशींनी मिळून तयार केलेल्या आहेत. एका व्यावसायिक कंपनीने त्या फायली कर्त्यांची नावं न देता स्वतःच्या सॉफ्टवेअरात वापरल्या, आणि प्रकरण कोर्टात गेलं. प्रश्न असा उभा राहिला, की फुकट वाटलेल्या गोष्टीला घातलेल्या अटी कायद्याने पाळाव्याच लागतात का? क्रिएटिव्ह कॉमन्स, लिनक्स फाउंडेशन, विकिमीडिया फाउंडेशन यांनी कोर्टात आपलं म्हणणं मांडलं. १३ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने निर्णय दिला: मुक्त परवान्याच्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने लागलेल्या महत्त्वाच्या निकालांपैकी हा एक. आणि तो लागला कशावरून? छोट्या इंजिनांच्या सीव्हींच्या यादीवरून!

तेव्हा तुमच्या घरात कुणाला इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल, तर महागड्या परदेशी पेटीसाठी थांबू नका. आर्डुइनो मेगा आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड एवढ्या दोन वस्तूंवर 'डीसीसी-ईएक्स' हे मुक्त सॉफ्टवेअर चढवलं की कमांड स्टेशन तयार. पुण्याच्या तपकीर गल्लीच्या परिसरात अशा सुट्या वस्तू शोधता येतात. जेएमआरआय कुठल्याही साध्या संगणकावर चालतं. पहिलं इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवलं की काहीही लिहिण्याआधी सगळे सीव्ही वाचून साठवून ठेवा. आकडे बिघडले तरी घाबरू नका, बहुतेक डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की कारखान्यातले मूळ आकडे परत येतात.

त्याच सीव्ही ८ मध्ये बनवणाऱ्याचा क्रमांकही असतो, ८ लिहिल्याने तो बदलत नाही. लेन्झचा ९९, ऑस्ट्रियाच्या झिमोचा १४५, जर्मनीच्या ईएसयूचा १५१. असोसिएशनने वाटून दिलेल्या या यादीत १३ हा क्रमांक कुठल्याही कंपनीला दिलेला नाही. तो स्वतःच्या हाताने घरी डिकोडर बनवणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. आर्डुइनो नॅनो, रुळांतली खूण वाचायला ६एन१३७ हा ऑप्टोकपलर, आणि 'एनएमआरए-डीसीसी' ही मोफत लायब्ररी घेऊन सिग्नलचा किंवा सांध्याचा डिकोडर घरच्या घरी करता येतो. नगरच्या, राहुरीच्या, कोपरगावच्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने तो केला, तर सीव्ही ८ मध्ये बेलाशक १३ लिहावं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.